नकाशा केवढा असावा?

गेल्या सहामाही परीक्षेच्या सुमारास नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याची भूगोलाची वही तपासतांना तिच्या शेवटल्या पानांवर आम्हांस एक नकाशा आढळला. उत्तरेस बर्फाच्छादित किनारा, मध्यें विस्तीर्ण मैदान व त्यांत उंचवट्यावर वसलेलें एक नगर, पूर्वेस नदी, नदीकांठीं तटबंदीचें दुसरें शहर. आणि डाव्या कोपऱ्यांत, आम्हीं वर्षभर कंठशोष करूनही जें त्याच्या हातून कधीं झालें नव्हतें तें, म्हणजे दिशादर्शक बाण व प्रमाणपट्टी! याच मुलानें याच परीक्षेंत पालघर तालुक्याच्या नकाशांत सातपाटी हें बंदर मनोरच्या बाजूस, म्हणजे डोंगरांत नेऊन ठेविलें होतें. वही काढून घ्यावी, असा प्रथम विचार मनांत आला. परंतु नकाशा इतका बरा उतरला होता कीं, हा देश कोठला, हें विचारल्यावांचून राहवेना. "सर, स्कायरिमचा आहे," असें तो मान खालीं घालून म्हणाला.

ज्या पालकांस या प्रकाराची ओळख नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. हल्लींच्या व्हिडिओ गेमांमध्यें, ज्यास मुलें 'ओपन वर्ल्ड' म्हणतात, असा एक वर्ग आहे. त्यांत खेळणारा एका कल्पित देशांत सोडून दिला जातो. तेथें राजे असतात, राक्षस असतात, मंत्रतंत्र असतात. थोडक्यांत, आपल्या आजीच्या गोष्टींतलें सर्व सामान असतें. खेळणाऱ्यानें एका पात्राची भूमिका घ्यावयाची, त्यास हळूहळू बळ व विद्या मिळवून द्यावयाची, आणि मुख्य कामगिरी बाजूस ठेवून मन मानेल तिकडे हिंडावयाचें. दिसेल त्या डोंगरावर चढावयाचें, सांपडेल त्या गुहेंत शिरावयाचें. अमेरिकेंतील बेथेस्डा या कंपनीचा २०११ सालचा 'स्कायरिम' हा अशा खेळांपैकीं अतिशय नांवाजलेला एक होय. बोइसरच्या एका कारखान्यांत नोकरीस असलेल्या थोरल्या भावानें एक जुना संगणक घरीं आणला, आणि त्यावर आमच्या या विद्यार्थ्यानें हा देश पालथा घातला. ज्यांच्या घरीं संगणक नाहीं तीं मुलें मोबाइलवर 'गेनशिन इम्पॅक्ट'सारख्या खेळांत हिंडतात.

त्या दिवसापासून मधल्या सुट्टींत मुलांचे वाद आम्ही कान देऊन ऐकूं लागलों. वाद बहुधा एकच असे: कोणाच्या खेळाचा नकाशा मोठा? आमचा विषय भूगोल. तेव्हां क्षेत्रफळाचा तंटा कानांवर पडला असतां आम्ही स्वस्थ बसणें शक्य नव्हतें. स्कायरिमचा विस्तार सुमारें ३७ चौरस किलोमीटर मानतात. पालघर स्थानकापासून बोइसर स्थानकापर्यंत लोहमार्गानें सुमारें १२ किलोमीटर अंतर आहे. मध्यें उमरोळी हें एकच स्थानक. या मार्गाच्या दोहों बाजूंस दीड-दीड किलोमीटर रुंदीची पट्टी आंखली कीं ३६ चौरस किलोमीटर झाले. म्हणजे तें सगळें राज्य, त्याचे नऊ प्रांत, त्यांतील बर्फाचे डोंगर आणि ते उडते सर्प, हें सारें पालघर-बोइसरच्या दरम्यान, गाडीच्या पावतासाच्या वाटेंत मावतें! आपला पालघर जिल्हा सुमारें पांच हजार चौरस किलोमीटरांचा आहे. त्यांत अशीं सव्वाशेंहून अधिक राज्यें बसवून वर जागा उरेल. हा हिशेब फळ्यावर मांडतांच आमच्या नकाशेकाराचा चेहरा उतरला. "एवढाच?" असें तो म्हणाला; आणि क्षणभर थांबून म्हणाला, "पण सर, मला तीन महिने झाले, अजून सगळा बघून झाला नाहीं."

त्याच्या या दुसऱ्या वाक्यांत आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें सर्व आलें. नकाशाचें मोठेपण चौरस किलोमीटरांत सांगणें ही व्यापाऱ्याची रीत आहे. हिंडणाऱ्याचें माप वेगळें असतें. 'येथें वळूं कीं सरळ जाऊं?' असा प्रश्न त्यास वाटेंत किती वेळां पडला, आणि तो सोडविण्याचें काम त्याच्याकडेच राहिलें कीं दुसऱ्या कोणीं केलें, यावर त्याच्या देशाचा विस्तार ठरतो.

याच कंपनीनें १९९६ सालीं 'डॅगरफॉल' नांवाचा एक खेळ काढला होता. त्याची भूमि सुमारें १ लाख ६१ हजार चौरस किलोमीटर भरते असें सांगतात. म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून अधिकच. गांवें, नगरें, गुहा मिळून ठिकाणें सुमारें १५ हजार. एवढी रचना मनुष्याच्या हातून होणें शक्य नसल्यानें ती बहुतेक संगणकानें ठराविक नियमांप्रमाणें करून टाकिली होती. परिणाम असा झाला कीं, एक गांव पाहिलें म्हणजे शंभर पाहिलीं. दोन गांवांमधलें रान पायीं तुडविण्यास कोणी धजेना. नकाशावरील नांवावर बोट ठेवावें आणि तेथें प्रकट व्हावें, हाच सर्वांचा परिपाठ झाला. निम्म्या महाराष्ट्राएवढा देश रेल्वेच्या वेळापत्रकाएवढा उरला! पुढें २०१६ सालीं 'नो मॅन्स स्काय' या इंग्लंडांतील खेळानें तर अठरावर अठरा शून्यें इतके ग्रह देऊं केले. आरंभीं लोक अत्यंत निराश झाले. करणारांनीं मागाहून पुष्कळ वर्षें खपून त्यांत सुधारणा केल्या व गेलेलें नांव परत मिळविलें, हें त्यांस भूषणावह आहे. परंतु ग्रहांची संख्या ही त्यांच्या यशाचें कारण नव्हती.

याच्या उलट 'मॉरोविंड' पाहा. हाही बेथेस्डाचाच, २००२ सालचा. त्यांतील बेट स्कायरिमहूनही लहान आहे. तरी जुने खेळाडू आजही त्याच्या विस्ताराची वाखाणणी करतात. याचें कारण असें कीं, त्यांत वाट दाखविणारा बाण नाहीं. पुलापाशीं डावीकडे वळ, दोन खडकांमधून जा, पुढें टेकडी लागेल, अशा धर्तीवर तेथील माणसें रस्ता सांगतात. तो रोजनिशींत नोंदला जातो. पुढचें सर्व आपल्या हुशारीवर. कांहीं ठिकाणीं तर सांगितलेली वाट चक्क चुकीची आहे! खेळाच्या पेटींत छापील कागदी नकाशा येत असे. वाहनें आहेत, पण तीं ठराविक गांवांहून ठराविक गांवांसच जातात, अगदीं आपल्या एस. टी. सारखीं, उतरल्यावर पुढें पायीं. चाल मंद, दूरचें सर्व धुक्यांत. हें धुकें त्या काळच्या संगणकांची शक्ति तोकडी म्हणून घालावें लागलें होतें, परंतु आपल्या दुबळेपणाचा इतका लाभ फार थोड्यांस झाला असेल. टेकडीपलीकडे काय आहे हें दिसत नाहीं, म्हणूनच टेकडी चढावीशी वाटते. आमच्या लहानपणीं वाघोबा खिंडीच्या पलीकडे जग कसें असेल, असें आम्हांस वाटे, तें याच कारणानें. पलीकडे मनोर आहे, हें मागाहून कळलें.

आणि बाणाचें काय होतें? पोलंडांतील सीडी प्रोजेक्ट या मंडळीच्या 'विचर ३' या २०१५ सालच्या खेळाची कथा उत्तम आहे, माणसें जिवंत आहेत, याबद्दल वाद नाहीं. पण त्याच्या नकाशावर जागोजाग प्रश्नचिन्हें छापलेलीं असतात. स्केलिगे नांवाच्या बेटांभोवतालच्या समुद्रांत तर त्यांचें पीकच आलें आहे. प्रत्येक चिन्हापाशीं नाव न्यावी, बुडी मारावी, चोरट्या व्यापाऱ्यांची पेटी उघडावी, पुढच्या चिन्हाकडे निघावें. हिंडणें संपून तलाठ्याची पीकपाहणी सुरू होते. येथें खेळणाऱ्याचे डोळे देखाव्यावर नसतात, कोपऱ्यांतल्या छोट्या नकाशावर असतात. हा दोष एकट्या त्या खेळाचा नव्हे. गेल्या वीस वर्षांत निघालेल्या पुष्कळ खेळांस तो जडला आहे, आणि खरें सांगावयाचें तर तो आम्हां शिक्षकांसही जडला आहे. प्रश्नाच्या आधीं उत्तराच्या ओळीखालीं लाल रेघ मारून देणारा शिक्षक आणि हा बाण यांत फारसें अंतर नाहीं.

उत्तम उदाहरण जपानांत सांपडतें. शिगेरू मियामोतो यांचें बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गांवीं गेलें. तेथील रानांत हिंडतांना त्यांस एक गुहा आढळली व कंदील घेऊन ते तींत शिरले. त्या अनुभवांतून १९८६ सालचा 'लीजंड ऑफ झेल्डा' हा खेळ उपजला, असें त्यांनींच सांगितलें आहे. त्याच मालिकेंतला २०१७ सालचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' करतांना दिग्दर्शक फुजिबायाशी यांनीं आपल्या क्योतो शहराचा नकाशा घेऊन खेळांतल्या भूमीवर ठेविला आणि कोठून कोठें जाण्यास किती चालावें लागतें याचा अंदाज त्यावरून बांधला. स्वतःच्या पायांखालचें शहर ज्यास ठाऊक आहे त्यालाच कल्पनेचा देश नीट मोजतां येतो, असें आम्हांस यावरून वाटतें. या खेळांत उंच मनोऱ्यावर चढलें म्हणजे त्या भागाचे डोंगर व नद्या नकाशांत उमटतात. परंतु तेथें काय दडलें आहे तें उमटत नाहीं. मनोऱ्यावरून दुर्बीण लावून पाहावें आणि खुणा आपल्या हातानें कराव्या. भूगोलाचा तास याहून वेगळा कसा असावा?

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या लहानशा मंडळीनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ काढला, त्याचाही येथें उल्लेख केला पाहिजे. तो ओपन वर्ल्ड नव्हे. त्यांतील वाट अरुंद व ठरलेली आहे. परंतु जेवढी वाट आहे तेवढी त्यांनीं देवळें, तळीं, कोरीव काम यांनीं मन लावून सजविली. हातांत थोडें असतां थोडेंच नीट करावें, हा विवेक त्यांनीं दाखविला. उद्यां आपल्यांतील कोणी मोठा नकाशा करावयास निघेल, तर त्यानें आधीं हा लहान पाहावा.

आतां पालकांविषयीं. पालकसभेंत या खेळांविरुद्ध पुष्कळ तक्रारी येतात. रात्रीची झोंप जाते, परीक्षा बुडते, डोळे बिघडतात. या तक्रारी यथार्थ आहेत व त्यांस आमचा पाठिंबा आहे. मोबाइलवरील खेळांत पैसे घेऊन सोडत काढल्याप्रमाणें पात्रें देण्याची जी योजना असते, ती तर आम्हांस जुगाराच्या शेजारचीच वाटते. मुलांच्या हातीं आपला पैसे देण्याचा गुप्त अंक देऊं नये, एवढें सांगून हा विषय सोडतों. परंतु एक तक्रार अशी असते कीं, "मुलें बाहेर हिंडत नाहींत, घरांत बसून खोट्या रानांत हिंडतात." ही तक्रार ऐकतांना आम्हांस मनांत थोडेंसें हसूं येतें, आणि मग वाईट वाटतें. बाहेर म्हणजे कोठें?

आमच्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढें आणा. तारापूरला १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. पुढें त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं. वीज देशास हवी होती, हें खरें. परंतु त्या दोन गांवांतील मुलांच्या पायवाटाही त्यांबरोबर नकाशांतून गेल्या. बोइसरची औद्योगिक वसाहत म्हणजे भिंतीमागें भिंत. बोइसरला जलदगती रेल्वेचें स्थानक होत आहे. वाढवणला मोठ्या बंदराचा पाया २०२४ सालीं घातला गेला. या सर्वांचें बरेंवाईट ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. एवढेंच म्हणणें कीं, ज्या टेकडीवर, ज्या खाजणांत, ज्या किनाऱ्यावर आमच्या पिढीनें उनाडक्या केल्या, तेथें आज पुष्कळ ठिकाणीं 'प्रवेश बंद' अशी पाटी आहे. आणि जेथें पाटी नाहीं तेथें आम्ही वडील माणसेंच पाटीसारखे उभे आहों.

हें शेवटचें वाक्य आम्ही सहज लिहिलेलें नाहीं. हिवाळ्याच्या आरंभीं आम्हीं नववी व दहावीच्या मुलांस एक काम दिलें: वडील माणसांवांचून, आपल्या पायांनीं तुम्ही जेथें जेथें गेलां आहां तेवढ्याच ठिकाणांचा नकाशा काढा. मुलग्यांचे नकाशे बरेच पसरट निघाले. कोणी चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत गेला होता, कोणी केळव्याच्या किल्ल्यापर्यंत, एकानें काळदुर्गही दाखविला. मुलींचे नकाशे पाहून मात्र आम्ही खिन्न झालों. घर, स्थानक, शाळा, शिकवणी. चार टिंबें व तीन रेघा. एका मुलीनें कागदाची उरलेली जागा सुबक वेलबुट्टीनें भरून काढिली होती.

उमरोळीहून गाडीनें येणारी दहावीची एक विद्यार्थिनी या खेळांत वर्गांत सर्वांच्या पुढें आहे, हें आम्हांस तेव्हांच कळलें. मुलग्यांच्या वादांत ती बोलत नसे, म्हणून आम्हीं तिला कधीं विचारिलें नव्हतें. ती भावाच्या मोबाइलवर, त्याचा वापर झाल्यावर, अर्धा तास खेळते. तुला त्यांत काय आवडतें, राक्षस मारणें कीं खजिना मिळविणें, असें आम्हीं पुसलें. ती म्हणाली, "सर, तिथं मला कोणी विचारत नाहीं, एकटी कुठं निघालीस म्हणून."

या उत्तरास आमच्यापाशीं प्रत्युत्तर नव्हतें. आम्हीं त्याच आठवड्यांत पालकांस चिठ्ठ्या पाठविल्या. शिरगांवच्या किल्ल्यापर्यंत पायीं सहल, मोबाइल पिशवींत, फाट्याफाट्यावर मुलांनींच माणसांस वाट विचारावयाची, पुढें चालणारा दर अर्ध्या तासास बदलावयाचा, आणि त्यांत मुलींचीही पाळी येईल. शिक्षक सर्वांच्या मागें राहतील व विचारल्याखेरीज बोलणार नाहींत. चौघींच्या घरून नकार आला. एका गृहस्थांनीं, "सर, मोटार आहे, वीस मिनिटांत पोंचतील," असें सुचविलें. त्यांचा हेतु चांगला होता. डॅगरफॉलांत नांवावर बोट ठेवणाऱ्यांचाही हेतु चांगलाच असतो, परंतु हें त्यांस समजाविणें कठीण होतें. दोन आयांच्या घरीं आम्ही स्वतः जाऊन आलों. तिघींस परवानगी मिळाली, चौथीस मिळाली नाहीं.

डिसेंबरांतील एका शनिवारीं आम्ही तेवीसजण निघालों. सातपाटीच्या रस्त्यानें बराच वेळ सर्व ठीक चाललें. मग मुख्य रस्ता सोडावा असें पुढें चालणाऱ्यांनीं ठरविलें. जाळें विणीत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनीं सांगितलें, "वडापासून डाव्या हातानें जा." त्या वेळीं पुढें उमरोळीची ती विद्यार्थिनी होती. अर्धा कोस गेलों तरी वड येईना. शेवटीं वाट खाजणांत जाऊन संपली. चिखल, बगळे, आणि पलीकडे माडांची रांग. मुलांनीं आमच्याकडे पाहिलें. ठरल्याप्रमाणें आम्ही गप्प राहिलों, जरी किल्ला कोणत्या बाजूस आहे हें आम्हांस दिसत होतें आणि भूकही लागली होती. ती मुलगी परत फिरली, आणि वाटेंत भेटलेल्या एका मासळीवाल्या मावशींस तिनें पुन्हां विचारिलें. वड दोन-तीन वर्षांपूर्वींच रस्त्यासाठीं तोडला होता! म्हाताऱ्या बाईंच्या मनांत मात्र तो अजून उभा होता. किल्ल्यावर पोंचावयास दोन तास उशीर झाला. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं हा किल्ला पोर्तुगीजांपासून घेतला, वगैरे जें आम्ही तेथें सांगणार होतों, तें ऐकून घेण्याच्या मनःस्थितींत कोणीही नव्हतें. तटावर बसून सर्वजण त्या वडाविषयींच बोलत होते.

सोमवारीं त्यांनीं काढलेले नकाशे भूगोलाच्या खोलींत लावले आहेत. पालकांनीं स्नेहसंमेलनाच्या दिवशीं अवश्य पाहावे. एकाचा दुसऱ्याशीं मेळ नाहीं. जो वड कोणीं पाहिलाच नाहीं तो मात्र बहुतेक सर्वांत आहे. उमरोळीच्या विद्यार्थिनीनें खाजण किल्ल्याहून मोठें काढिलें आहे, व त्यांतील बगळेही मोजून दाखविले आहेत. स्कायरिमच्या आमच्या नकाशेकारानें सातपाटी या वेळीं समुद्रकांठीं ठेविली. मात्र दिशादर्शक बाण काढावयाचा विसरला.